दस्तीखालचा सौदा

माझा जुना कंप्यूटर चालता करायला मला मदत केली ती आबांनी, म्हणजे उस्मानपुऱ्यातल्या आमच्या घरमालकांच्या वडिलांनी. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं मी त्यांच्या इतक्या तऱ्हा सांगणार आहे की वाचणाऱ्याला वाटायचं, वरच्या खोलीतला भाडेकरू म्हाताऱ्याची टिंगल करतोय. तसं नाही. चालत्या वस्तूची पारख आबांइतकी असणारा दुसरा माणूस या अख्ख्या शहरात नसेल, असं माझं मत आहे. अडचण एवढीच की आबांच्या लेखी चालणारी प्रत्येक वस्तू हा बैल असतो.

हयातभर ते सिल्लोडकडच्या बैलबाजारात दलाल होते. गुडघे गेले तसं मुलानं त्यांना शहरात आणलं. बैल मागं राहिले, नजर तेवढी सोबत आली, आणि आता ती नजर दिवसभर ओट्यावर बसून काम शोधत असते. मुलानं नवी गाडी घेतली तेव्हा आबांनी चालू इंजिनवर तळहात ठेवून बराच वेळ डोळे मिटले आणि म्हणाले, "छाती भरेल हाय, पण मागून हलकं हाय." घरात नवा फ्रीज आला तेव्हा तो आणणाऱ्या दोघांना त्यांनी दारातच थांबवून विचारलं, "आधी कुणाच्या दावणीला व्हता?" मी पहिल्यांदा खोली मागायला आलो तेव्हा घरमालक आधारकार्ड बघत होते आणि आबा मला म्हणाले, "त्या लिंबाच्या झाडापर्यंत जाऊन ये." मी गेलो, आलो. "पुन्हा एकदा. आता जरा दमानं." मी नववीतून शाळा सोडलेला, राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला असलेल्या गोंडपिपरीच्याही पलीकडून शेंद्र्याच्या एमआयडीसीतल्या कंपनीत पॅकिंगला आलेला. कुणी काही सांगितलं की आधी करायचं आणि मग घाबरायचं, ही माझी सवय. दुसऱ्यांदा जाऊन आलो तेव्हा आबा मुलाला म्हणाले, "दे खोली. पाय सरळ पडतेत. बुजरं हाय, पण मारकं नाय."

दुसरी तऱ्हा म्हणजे, आबा आकडा कधी तोंडानं उच्चारत नाहीत. बैलबाजारात भाव बोलायचा नसतो. घेणारा आणि दलाल दस्तीखाली, म्हणजे खांद्यावरच्या त्या मोठ्या रुमालाखाली, एकमेकांचा हात धरतात आणि बोटं दाबून भाव ठरवतात. शेजारी उभ्या असलेल्याला पत्ता लागत नाही. आबांनी ही रीत शहरातही सोडली नाही. चहावाल्याशी, न्हाव्याशी, रिक्षावाल्याशी त्यांचा व्यवहार दस्तीखालीच. भाजी मात्र ते आणत नाहीत, कारण भाजीवाली बाई आहे आणि परक्या बाईचा हात कसा धरायचा. मी एकदा सहज विचारलं, "आबा, वय काय तुमचं?" त्यांनी माझ्या हातावर दस्ती टाकली आणि दोन-तीन बोटं दाबली. त्यांचं वय मला अजून कळलेलं नाही.

तर माझ्याकडं एक कंप्यूटर होता. कंपनीतला एक जण गाव बदलून गेला, त्याच्याकडून घेतलेला, जुनाच. त्यावर मी रविवारी संध्याकाळी ट्रक चालवायचा एक गेम खेळायचो. एक ट्रक माझा, एक धाकट्या भावाचा. तो गावातल्या सेवा केंद्रात कामाला आहे. केंद्र बंद झालं की तिथल्याच मशीनवर बसायचा. आता माझा भाऊ फोनवर म्हणजे दगड. "हो. बरं हाय. ठेवू?" यापलीकडं शब्द नाही. पण दोघांचे ट्रक एका रस्त्याला लागले की त्याला कंठ फुटायचा. घरची, शेताची, आईची सगळी हकिकत मला त्या रस्त्यावरच कळायची. मग गेमवाल्यांनी नवी आवृत्ती काढली आणि माझा ट्रक पहिल्या वळणावरच थिजायला लागला. जुनी आवृत्ती लवकरच बंद होणार, असंही पडद्यावर येऊ लागलं. म्हणजे भावाचा आवाजच बंद होणार.

मी एका मोठ्या दुकानात गेलो. काचेच्या दारापाशी चपला काढाव्यात की नाही, इथंच माझा अर्धा धीर संपला. आतल्या मुलानं चार इंग्रजी शब्द एका दमात टाकले, मी चारही वेळा मान डोलावली आणि "बघून सांगतो" म्हणून बाहेर आलो. ओट्यावर आबा होते. "तोंड का उतरलंय?" म्हणाले. मी सगळं सांगितलं. ते गुडघ्यावर हात देत, एकेका पायरीवर टेकत वर आले आणि कंप्यूटरसमोर बसले.

"कधी बसतंय हे? जुंपायच्या आधी का जुंपल्यावर?"

"गेम सुरू केल्यावर."

त्यांनी डब्याला कान लावला. आत पंखा घरघरत होता. "मंग बसकं नाय हे. बसकं जनावर लबाड असतंय, जू बघूनच बसतंय. हे इमानी हाय. दमलंय." मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. आजवर सगळ्यांनी त्या मशीनला भंगार म्हटलं होतं.

मग त्यांनी विचारलं, आत ओढणारे कोण कोण आहेत. मला कंपनीतल्या पोरांकडून कळलं होतं तेवढं सांगितलं: प्रोसेसर हिशेब करतो, ग्राफिक कार्ड चित्र काढतं, दोघं मिळून गेम ओढतात. "म्हंजे जोडी हाय," आबा म्हणाले. माझ्या मनात सगळ्यात मोठं, तीन पंख्यांचं झगमगीत कार्ड होतं. त्यांनी ते साफ मोडून काढलं. "तुझा हिशेबवाला म्हातारा. त्याच्या शेजारी माजलेलं खोंड बांधशील तर खोंड ओढ काढंल, म्हातारा फरफटंल आन् औत वाकडं जाईल. म्हाताऱ्याच्या चालीचंच बघू." रॅमच्या पट्ट्या मात्र दोन हव्यात आणि दोन्ही एकाच अंगाच्या हव्यात, हेही त्यांनीच ठरवलं. आणि कार्ड वीज किती खातं ते विचारायचं, म्हणजे त्या मानानं विजेचा डबा, म्हणजे पॉवर सप्लाय, घेता येईल. "चारा नसला तर बैल काय करंल?"

शनिवारी आम्ही पैठण गेटच्या मागं जुन्या कंप्यूटरच्या एका दुकानात गेलो. दुकानदार तरुण, काळ्या टीशर्टमधला. त्यानं एक वापरलेलं कार्ड पुढं ठेवलं. आबांनी ते हुंगलं, पंख्यावर फुंकर मारली, कडेनं बोट फिरवलं आणि विचारलं, "राबवलंय का नुसतं बांधून ठिवलंय?"

"भाई, चाचा क्या पूछ रै?" दुकानदार मला म्हणाला.

मी सांगितलं. त्यानं हसत कार्ड एका मशीनला जोडून चालू करून दाखवलं. आबांनी स्टूल मागितलं आणि कार्डाजवळ तळहात धरून चांगला तासभर बसून राहिले. गिऱ्हाइकं आली, गेली. शेवटी "धाप लागत नाय" म्हणून उठले, खांद्यावरची दस्ती काढली आणि दुकानदाराचा हात धरून त्यावर टाकली. तो बिचारा समजला, म्हातारा शेकहँड करतोय. त्यानं जोरात हात हलवला. आबांनी बोटं दाबली. त्यानं पुन्हा हलवला. "चाचा, हाथ तो छोड़ो," तो कळवळून म्हणाला.

मागं खुर्चीत त्याचे वडील पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली ठेवला. "हट बाजू. तेरेकू नै समझेगा ये," असं मुलाला म्हणून ते पुढं आले, बाही वर केली आणि दस्तीखाली हात घातला. "सिल्लोडचे का?" त्यांनी विचारलं. "तिकडचाच," आबा म्हणाले. "आमच्या घरी कापसाच्या बैलगाड्या होत्या," ते म्हणाले आणि मग दोघं गप्प झाले.

एक रस्त्याकडं बघत होता, एक छताकडं. दस्ती तेवढी हलत होती. मधेच एकजण "हूं" म्हणायचा, मधेच दुसरा "नाय" म्हणायचा. पैसे माझे, कार्ड माझं आणि भाव काय चाललाय हे दुकानात मला एकट्याला माहीत नव्हतं. म्हणजे दुकानदारालाही नव्हतं, पण त्याला निदान गंमत वाटत होती.  एकदा तर आबा हात झटकून पायरी उतरले. मी मागं धावलो. "गप उभा ऱ्हा," ते ओठ न हलवता म्हणाले. आतून हाक आली, आबा परत गेले, दस्ती पुन्हा पडली आणि थोड्या वेळानं त्या म्हाताऱ्यानं चहा सांगितला. सौदा झाला होता. कार्ड, रॅमची जोडी, विजेचा डबा, सगळं त्यात.

"कितीला, आबा?" मी कुजबुजलो.

"बाजारात आकडा तोंडानं काढतेत का रं?" त्यांनी माझं पाकीट घेतलं, पाठ करून पैसे दिले आणि पाकीट परत माझ्या खिशात कोंबलं. मी समजलो होतो त्यापेक्षा ते बरंच जाड होतं.

रिक्षात आबा आपल्या उजव्या हाताकडं बघत बसले होते. क्रांती चौक गेल्यावर म्हणाले, "लई वर्सांनी कुणी बोटं वळखली." मग जरा थांबून, "पोराला सांगू नको. म्हणंल, बाप दुकानात लोकांचे हात धरत हिंडतोय."

त्याच दिवशी कार्ड बसवायला त्यांनी बंदी केली. नवं जनावर आणलं की रात्रभर विसावा द्यायचा. वहिनींना, म्हणजे घरमालकांच्या बायकोला, कार्डाला लावायला हळदकुंकू आणायला लावलं. मी हातापाया पडलो तेव्हा ते खोक्यालाच लावायचं ठरलं. रविवारी दुपारी डबा उघडला, जुनं कार्ड काढलं, नवं लावायला गेलो आणि ते आत जाईना. आतल्या जागेपेक्षा चांगलं चार बोटं लांब होतं.  संध्याकाळी भाऊ मशीनसमोर बसणार होता, आणि जुनी आवृत्तीही आता उघडत नव्हती.

आबांनी कार्ड हातात घेऊन आतल्या जागेशी लावून पाहिलं. मग म्हणाले, "चूक माझी. मी जनावर बघितलं, गोठा बघितला नाय. बाजारात गोठा बघायची रीत नसती ना." मग वाकून आत बोट दाखवलं. "हा आडवा पत्रा कशाचा?"

"सीडी ठेवायचा कप्पा आहे."

"सीडी हाय तुझ्याकडं?"

"नाही."

"मंग? दार अडलं तर दार काढावं, शिंगं कापू नयेत." आम्ही पेचकस लावला, कप्पा बाहेर काढला, कार्ड सरळ आत गेलं. बाजूचं झाकण मात्र तारांमुळं लागेना. ते अजून लागलेलं नाही. धूळ बसू नये म्हणून आबा रोज संध्याकाळी मशीनवर दस्तीनं वारा घालतात.

गेम सुरू झाला. वळण आलं. ट्रक वळला आणि पुढं गेला. नाक्यावर भावाचा ट्रक उभा होता.

"दादा, काहून उशीर केला? मी कवाचा उभा राह्यलो इथं." आणि मग त्याचं तोंड सुटलं. लाखोळी डाळीचं पीक, कुत्रीची पिल्लं, शेजाऱ्याचं भांडण. पूल ओलांडताना तो हळूच म्हणाला, "आई रोज इचारते, पोरगं जेवते का तिकडं बराबर."

 आबांनी माझ्या तोंडाजवळचा माईक स्वतःकडं ओढला. "तिला म्हणावं, जेवतंय. चालायला बी सरळ हाय."

तेव्हापासून दर रविवारी ते शेजारी असतात. दोन घाट झाले की ट्रक थांबवायला लावतात. पाणी दाखवल्याशिवाय पुढं हाकायचं नाही. भावालाही आता ती सवय लागली आहे, तोच आधी विचारतो, "आबा, थांबायचं का?" हल्ली मात्र त्यांना जिना चढवत नाही. मीच रोज संध्याकाळी मशीन उचलून खाली ओट्यावर आणतो, उघड्या बरगड्यांसकट.

दलाली त्यांनी घेतली नाही. "जनावर चाललं की बघू," म्हणाले होते. चालतंय. म्हणून मी ठरवलंय, एका बाजारच्या दिवशी सुट्टी टाकायची, गाडी करायची आणि आबांना सिल्लोडकडं नेऊन बैलांच्या रांगेत उभं करायचं. तिथं मी त्यांच्या हातावर दस्ती टाकीन. बोटांची भाषा थोडी थोडी शिकतोय. त्यांचं माझ्याकडं काय निघतं ते मी तिथं बोटांनीच सांगीन. तोंडानं ते मला जमणारही नाही, आणि बाजारात तशी रीतही नाही.