आईने न केलेली सही

ब्याऐंशी-त्र्याऐंशीची गोष्ट असेल. नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत मी आठवीतली मुलगी, इंग्रजीत वर्गात पहिली... त्यामुळे जरा शिष्टच.

त्या आठवड्यात सरांनी ‘अॅन अॅक्स टू ग्राइंड’ शिकवलं. शब्दशः कुऱ्हाडीला धार लावायची असणं, म्हणजे मनात आपला मतलब ठेवून वागणं. सर म्हणाले, हे आलं अमेरिकेतल्या एका जुन्या वर्तमानपत्री गोष्टीवरून. लोक ती उगाच तिथल्या एका मोठ्या नेत्याच्या नावावर खपवतात. एक माणूस शाळकरी पोराच्या ताकदीचं कौतुक करत त्याच्याकडून धारेचं चाक फिरवून घेतो. पोराच्या हाताला फोड येतात, कुऱ्हाडीला धार लागते, आणि तोच माणूस खेकसतो, पळ आता शाळेत.

घरी येऊन मी हे आईला ऐटीत सांगितलं. ती भाकरी थापता थापता नुसतं ‘हं’ म्हणाली. चौथी पास बाई, तिला काय कळणार, असं मला वाटलं...

दोन दिवसांनी शेजारचे वसंतकाका आले. माझं अक्षर मोत्यासारखं, माझं इंग्रजी साहेबांच्या तोंडात मारेल असं... मी फुलून गेले. मग म्हणाले, पालिकेला एक अर्ज लिहून दे. मराठी अर्ज फायलीत पडतो, इंग्रजी अर्ज साहेब उभ्या उभ्या वाचतो, अशी तेव्हा आम्हा सगळ्यांचीच समजूत होती.

अर्ज कोपऱ्यावरच्या यमुनामावशीच्या इस्त्रीच्या गाडीविरुद्ध होता. निखाऱ्यांमुळे मुलांना धोका आहे, गाडी हटवा. नवरा गेल्यापासून मावशीचं घर त्या गाडीवर चालत होतं, हे मला माहीत होतं. तरी मी डिक्शनरी काढून झकास अर्ज लिहिला... आज सांगतानाही लाज वाटते.

संध्याकाळी काका सह्या घ्यायला निघाले ते आधी आमच्याकडे. कॉलनीतल्या बायका आईच्या शब्दाबाहेर नव्हत्या, तिची सही झाली की बाकीच्या होणारच होत्या. आईने माझ्याकडून अर्ज मराठीत समजून घेतला, कागद खालीवर पाहिला आणि काकांपुढे सरकवला.

“भाऊ, पहिली सही तुमची करा. मग मी करते.”

काका म्हणाले, माझं नाव कशाला, उगाच वाईटपणा. आईचा आवाज चढला नाही. तिने एवढंच विचारलं, “गाडी गेल्यावर त्या कोपऱ्यावर काय येणार हाय?”

काकांनी कागदाची घडी खिशात घातली आणि चहा न घेताच निघाले. पुढे कळलं, तिथे त्यांच्या मेहुण्याला पानटपरी टाकायची होती.

आई मला रागावली नाही. दुसऱ्या दिवशी तिने मला कपडे घेऊन मावशीकडे पाठवलं, आणि झालं ते स्वतःच्या तोंडाने सांगून ये म्हणाली. मी सांगितलं. मावशीने कपड्यांतून आधी माझा युनिफॉर्म काढला आणि त्याला इस्त्री करून दिली.

पुढे इंग्रजीत मी बरीच बक्षिसं मिळवली... पण कुणी अभिमानाची गोष्ट विचारली की मी आईने न केलेली ती सही सांगते.