दोन वह्यांतली खेप

बसवकल्याणच्या एका दवाखान्यात मी कॉम्प्युटरवर बसायचे, तेव्हा स्वतःला फार शहाणी समजायचे. आमच्या गरोदर बायकांच्या नोंदी कन्नडात, सरहद्दीपलीकडच्या दवाखान्याच्या मराठीत. बायका सासरी नाव नोंदवायच्या आणि माहेरी जाऊन बाळंत व्हायच्या, म्हणून दोन्हींकडच्या नोंदी जुळवायचं ठरलं. आमच्या वहीत रकाना होता ‘कितवा गर्भ’, त्यांच्या वहीत ‘कितवं बाळंतपण’. मी दोन्हींवर एकच मथळा ठोकला, ‘खेप’. आपल्याकडे सगळे तसंच तर म्हणतात.

मग हैदराबादेहून, मजुरीवरून परतलेली एक बाई आली. आठवा भरलेला. मागच्या वेळी माहेरी बाळंत होताना लई त्रास झाला, यापलीकडे तिला काही सांगता येईना. कागद हैदराबादेतच हरवले होते. तिला इथं ठेवायचं की बिदरला मोठ्या दवाखान्यात पाठवायचं, हे डॉक्टर त्या त्रासावरूनच ठरवणार होते. पलीकडच्या नोंदींत तिच्या नावाची एकच बाई सापडली. पण आमच्याकडे हिची तिसरी खेप, आणि तिकडे दोन वर्षांपूर्वी पहिली, म्हणजे आता दुसरी हवी. मी ठासून सांगितलं, ही ती नव्हेच.

आमच्या जुन्या नर्सबाई, ज्यांना सगळे अक्का म्हणायचे, माझ्या मागे उभ्या होत्या. “दोन्हीकडं खेप कामून लिवलीस? आपण पोटात राहिलेलं समदं धरताव. तिकडं फकस्त बाळंतपण मोजतेत.”

त्यांनी बाईला हळूच विचारलं. लग्नाच्या वर्षी, चौथ्या महिन्यात, एक पडलं होतं.

मला माझाच राग आला. खेप खोडली. दुपारभर बसून एका वहीत प्रत्येक रकान्यापुढे लिहिलं, इथं काय धरायचं आणि काय नाही. मग त्याप्रमाणे कॉम्प्युटरवर जुळवणी पुन्हा लावली आणि थक्क होऊन बघत राहिले. मी परक्या ठरवलेल्या कितीतरी नोंदी एकेक करून एकमेकींना येऊन मिळत होत्या. यंत्र तेच, बायका त्याच. फक्त शब्दाचा अर्थ लिहून ठेवला होता. तिचीही नोंद जुळली. मागच्या वेळी रक्त थांबत नव्हतं, बाहेरून चढवावं लागलं होतं. डॉक्टरांनी लगेच बिदरची चिठ्ठी दिली.

ती निघताना मी तिला आमची ओळ वाचून दाखवली, तिसरा गर्भ. तिच्या घरात त्या पहिल्याचा विषय कुणी काढत नसे. ती कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत राहिली.

“म्हंजी ते बी धरलंय व्हय?”

“व्हय,” अक्का म्हणाल्या. “धरलंय.”