चाचांची मान हलली की काम पास

होम थिएटर बसवणाऱ्या दुकानात किस्से वायरींसारखे साठतात. ड्रॉवर उघडून एक ओढली की गुंता बाहेर! शाहूपुरीतल्या आमच्या दुकानात चहाच्या वेळी रोज एखादा निघतोच. मी बी.एस्सी. कॉम्प्युटर. माझं काम एकच: गिऱ्हाइकाचा लॅपटॉप रिसीव्हरला जोडून द्यायचा, म्हणजे चित्र टीव्हीवर आणि आवाज खोलीभरच्या स्पीकरमधून. स्पीकर लावायला रफिकचाचा. खाली सांगतेय ते बहुतेक त्यांचेच किस्से. हसायला हरकत नाही. आधी आम्हीही हसायचो.

आमच्याकडे एक पद्धत आहे. जोडाजोडी झाली की चाचा खोलीच्या मधोमध उभे राहतात. मान खाली, डोळे अर्धवट मिटलेले. मी गाणं लावायचं. चाचांची मान हलली की काम पास. दुकानाचे मालक आण्णा गिऱ्हाइकाला ठणकावून सांगतात, "आमच्यात मीटर-बिटर न्हाय. चाचांचा कान हाय!"

*

माझं पहिलं काम कसबा बावड्यात. नवा बंगला, हॉलमध्ये हा मोठा कोच. एचडीएमआय वायर लावली, चित्र झकास आलं. आवाज मात्र लॅपटॉपमधूनच, डबीत माशी अडकल्यासारखा. घरमालकांना वाटलं रिसीव्हरचा आवाज बारीक असेल. त्यांनी बटण फिरवून फुल केलं आणि मला सांगितलंच नाही. मी शांतपणे साउंड सेटिंगमध्ये गेले आणि आउटपुटला रिसीव्हर निवडला...

भिंत अंगावर आली म्हणा ना! मी कोचावर चढले. चपलांसकट. घरमालकांच्या मांडीवरची चिवड्याची बशी त्यांच्याच अंगावर.

"पावणं, ही पोरगी लई भित्री हाय की ओ!" ते चाचांना म्हणाले.

चाचांनी मला एकदा नीट बघितलं आणि मान हलवली. दुकानात आल्या आल्या आण्णांना म्हणाले, "हितनं फुडं हिलाच द्या माझ्याबरोबर."

मला वाटलं चेष्टा करतायत. सगळ्यांनाच वाटलं.

*

दुसरा बिद्रीचा. आजोबांचं वर्षश्राद्ध होतं. नातेवाईक जमलेले, आणि धाकट्या मुलाच्या लॅपटॉपवरून आजोबांचे फोटो टीव्हीवर दाखवायचे होते, मागे मंद बासरी. जोडून दिलं, सगळं छान चाललं होतं. आजोबा बैलाबरोबर, आजोबा फेटा बांधून. बायका डोळे पुसत होत्या.

तेवढ्यात सगळ्या स्पीकरमधून एकदम "टुंग!" आणि आजोबांच्या फेट्यावर धाकट्या सुनेचा मेसेज, हाताएवढ्या अक्षरात: 'म्हाताऱ्याचं कौतुक संपलं की लगेच निघूया. पाठ मोडली माझी.'

बासरी चालूच. शेवटी आजी म्हणाल्या, "वाचून झालं असलं तर फुडचा फोटू लावा."

दुकानात हा किस्सा मीच सांगितला, आणि हशा झाला. एक गोष्ट मात्र सांगितली नाही. त्या 'टुंग'ला सगळं घर दचकलं होतं. चाचा मागच्या स्पीकरला खेटून उभे होते, वायर गुंडाळत. त्यांनी वरही बघितलं नाही.

*

मग एका डॉक्टरांकडचं काम. त्या दिवशी मी रजेवर, चाचा दुसऱ्या पोराला घेऊन गेले. मान हलली, काम पास. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांचा फोन: मागचा डावा स्पीकर मुकाच आहे!

"चाचा, कान दुकानात ठेवून गेलतासा व्हय?" आण्णा ओरडले. सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं चाचा.

मग आण्णा न हसता म्हणाले, "परत असं झालं तर घरी बसायचं, चाचा. गिऱ्हाईक तुमच्या कानाचं पैसं देतंय."

चाचा आण्णांच्या डोळ्यांकडे बघत नव्हते. ओठांकडे बघत होते.

*

त्याच दिवशी टेम्पोत मी विचारलं, "चाचा, ऐकू येतं ना तुम्हाला?" दोनदा विचारावं लागलं.

"मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीखाली कैक वर्सं काढली, पोरी. डावा कान तिथंच गेला. उजवा हाय अजून, थोडा."

"मग मान कशी हलवता?"

"तुझ्याकडं बघून की! आवाज आला की तू दचकतीस. ज्या बाजूनं आला तिकडं बघतीस. असलं मीटर कुठं मिळायचं?"

"कानाचं मशीन घ्या ना."

"मशीन घालून गेलो तर माझ्या कानाला कोण इचारंल?"

"मग थोडे दिवस घरी..."

"नगं बाई. घरात सगळी हळूच बोलत्यात."

*

तेव्हापासून मी मुद्दाम दचकू लागले. पुढचा उजवा वाजला, दचक. मागचा डावा वाजला, मागे वळून दचक. एकही स्पीकर सुटला नाही, एकही तक्रार आली नाही. एका घरात मात्र काकूंनी गाणं बंद करायला लावलं, मीठ-मोहऱ्या आणल्या आणि माझी दृष्ट काढली.

"हिला काय धरलंय का ओ?" त्यांनी चाचांना विचारलं.

"व्हय," चाचा म्हणाले. "कामानं."

*

आणि परवाचा. आण्णांच्या स्वतःच्या घरी नवा सेट. मी लॅपटॉप जोडला, चित्र आलं, आवाज आला. चाचा मधोमध उभे राहिले. तेवढ्यात आण्णांनी लॅपटॉप माझ्याकडून घेतला आणि स्वतःच्या मांडीवर ठेवला.

"तू आत जाऊन वहिनीला चहाला मदत कर जा."

"आण्णा, टेस्टिंग..."

"चाचा हायत की."

मी गेले. पण स्वयंपाकघराच्या दारातच थांबले. तिथून हॉल दिसत होता. टीव्हीवर बाई गात होती, आणि आण्णांचं बोट लॅपटॉपवर आवाज कमी करत होतं. कमी, आणखी कमी. शून्य. बाईचे ओठ नुसतेच हलत राहिले. चाचा मान खाली घालून उभे. अर्धवट मिटलेले डोळे मला शोधत होते. दारात मी सापडले. मी मान हलवून नाही म्हणणार होते.

माझ्या मागे कुकरची शिट्टी झाली.

मी मागे वळून दचकले. खरंखुरं.

चाचांची मान हलली. "आला! फस्क्लास! मागचा डावा बी झ्याक हाय, आण्णा!"

आण्णांनी माझ्याकडे बघितलं. मग चाचांकडे. मग ते लॅपटॉप बाजूला ठेवून उठले, रिसीव्हरपाशी गेले आणि आवाजाचं बटण हळूहळू डावीकडे फिरवलं.

"आवाज जरा मोठाच झाला, चाचा," ते म्हणाले.