फरशी घालणारी बारकीबाई

बारकीबाई कुठल्याही घरात शिरली की चपला उंबऱ्याबाहेर काढायची आणि तांब्याभर पाणी मागायची. अर्धं प्यायची. उरलेलं सरळ जमिनीवर ओतायची आणि त्या ओल्या जागेवर अनवाणी उभी राहून आधी उजव्या पायावर भार टाकायची, मग डाव्या. पाणी कुठे पळतंय, कुठे थांबतंय ते बघायची. आमच्याकडे पहिल्या दिवशी तिने हे केलं तेव्हा मी फडकं आणायला धावले. तिने हातानेच थांबवलं आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या ताई. डोळं फसतात. पायांला फसवता येत नाय."

त्या दिवशी ती फरशी घालायला आलीच नव्हती. ठेकेदाराची बिगारी म्हणून जुना कोबा फोडायला आली होती. पन्नाशीच्या आतबाहेरची, उंचीने माझ्या खांद्याइतकी, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, डोक्याला जुनं फडकं. घण मात्र असा उचलायची की शेजारचे पुरुष बघत उभे राहत.

आम्ही मूळचे जळगावकडचे. प्रकाश, माझा नवरा, तारापूरच्या एका कारखान्यात ऑपरेटर. मी बोईसरला शाळेत शिकवते. बारा वर्षं भाड्याच्या खोल्यांत काढल्यावर सरावलीत नऊ घरांच्या बैठ्या ओळीतलं शेवटचं घर आम्ही घेतलं होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे मोरी. घर घेण्यातच सगळी पुंजी संपली, हाताशी राहिलं ते जेमतेम फरशीपुरतं. खिडक्यांना जाळ्या, स्वयंपाकाचा ओटा, सगळं पुढे ढकलता येत होतं. फरशी ढकलता येत नव्हती. गावाकडे सासूबाई पडल्या होत्या, खुब्याचं ऑपरेशन झालं होतं, आणि वॉकर घेऊन त्या कायमच्या आमच्याकडे येणार होत्या. जुना कोबा जागोजागी खचलेला. पुन्हा पडल्या तर उठणं अवघड, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

प्रकाशच्या मनात पांढऱ्याशुभ्र, दोन फुटी, चकचकीत फरशा होत्या. त्याच्या साहेबांच्या घरी तशा होत्या. फरशीत तोंड दिसलं पाहिजे, असं तो म्हणायचा. बारा वर्षं दुसऱ्यांच्या घरात राहिलेल्या माणसाची ती हौस होती आणि मलाही ती मोडवत नव्हती. ठेकेदाराने मान डोलावली, कोबा फोडून घेतला, आणि चौथ्या दिवशी सांगितलं की त्याचा मिस्त्री पालघरच्या मोठ्या बिल्डिंगवर गेलाय, महिनाभर थांबावं लागेल. सासूबाई तीन आठवड्यांनी येणार होत्या. घरभर उकरलेली माती, आणि आम्ही दोघं दारात उभे.

आतून आवाज आला, "मी घालते."

बारकीबाई घमेल्यात राडारोडा भरत होती. तिने मान वर केली नव्हती. ठेकेदार हसला, तू घमेलं उचल म्हणाला, आणि मोटारसायकल सुरू करून निघून गेला. तिने घमेलं उचललं, बाहेर नेऊन रिकामं केलं, परत आली आणि तेच वाक्य त्याच सुरात पुन्हा म्हणाली.

त्या दुपारी चहा पिताना तिने स्वतःबद्दल सांगितलं. तिचा पाडा वाणगावच्या आत, डोंगराच्या पायथ्याशी. पावसावर पिकणारा भाताचा एवढासा तुकडा. कापणी झाली की सगळं घर बोईसरला कामावर यायचं, ते पुढच्या पेरणीला परत जायचं. अकरा वर्षं तिने एकाच राजस्थानी मिस्त्रीला माल कालवून दिला. माल देता देता त्याचे हात बघत राहिली. दुपारी तो आडवा झाला की ही कोऱ्या जमिनीवर नुसत्याच फरशा मांडायची आणि तो उठायच्या आत उचलून ठेवायची. एकदा त्याने पकडलं. मांडलेल्या ओळीवर पट्टी ठेवून पाहिली, आणि त्या दिवसापासून कोपरे, दारामागच्या जागा आणि मोऱ्या तिच्याकडे दिल्या. "बोईसरच्या लोकांच्या मोऱ्यांत माझी फरशी हाय," ती म्हणाली, "दिवाणखान्यात त्याची. हजेरीत मी बिगारीच."

मला ते पुरेसं होतं, प्रकाशला नव्हतं. त्याच्या आईच्या खुब्याचा प्रश्न होता, त्याला दोष देता येत नाही. त्याने विचारलं, तुझं एकटीचं, दाखवण्यासारखं एखादं काम आहे का? ती म्हणाली, हाय, पण लांब हाय.

रविवारी आम्ही तिघं वाणगावपर्यंत गाडीने आणि पुढे रिक्षाने तिच्या पाड्यावर गेलो. तिथे एका खोलीची बालवाडी होती. जमीन मातीची, पोरं कायम खोकायची, म्हणून बारकीबाईने दोन वर्षं साइटवरचे फेकायचे कोटा दगडाचे तुकडे मागून मागून गोळा केले होते आणि ती खोली एकटीने घातली होती. एक तुकडा दुसऱ्यासारखा नव्हता. पण सांधे इतके नेमके बसले होते की ते मुद्दाम तसे कापून आणले असावेत असं वाटावं. प्रकाश खाली वाकला, हात फिरवला. बारकीबाईने एका मुलाकडून गोटी घेतली आणि खोलीच्या मधोमध ठेवली. गोटी तिथेच राहिली. मग तिने ती दाराजवळ ठेवली, तर ती सावकाश उंबऱ्याकडे निघाली. "धुतल्यावं पानी भायेर जायला नको?" ती म्हणाली. परतीच्या वाटेवर प्रकाशने मला विचारलं, कधीपासून सुरू करूया?

दुकानात मात्र दोघांची जुंपली. प्रकाश चकचकीत पांढऱ्या फरशीपाशी उभा. बारकीबाईने ती फरशी खाली ठेवायला लावली, दुकानदाराच्या कपाळाला आठ्या पडल्या तरी पाणी मागितलं, ओतलं, आणि प्रकाशला बूट काढून उभं राहायला सांगितलं. त्याचा पाय सटकला. त्याने माझा दंड धरला म्हणून सावरला. ती हसली नाही. इतकंच म्हणाली, "दादा, तुमी तरणे हाय. आईंचा इचार करा."

मग तिने दुकानाच्या मागच्या भिंतीला लावलेली, सव्वा फुटाची, राखाडी, जरा खरखरीत फरशी निवडली. भाव जवळजवळ निम्मा होता, त्यामुळे मला शंका आली. तिने मला तपासायला शिकवलं. फरशी उलटी करून पाठीवर पाण्याचा थेंब टाकायचा. लगेच प्यायली तर ती कच्ची. दोन फरशा तोंडाला तोंड लावून धरायच्या. मधून उजेड दिसला तर त्या वाकड्या. आणि सगळ्या खोक्यांवरचा छाप एकच हवा, नाहीतर घरात दोन रंग दिसतात. दुकानदाराने काढलेल्या खोक्यांतली पाच तिने परत पाठवली. तो वैतागून मला हिंदीत म्हणाला की मॅडम, ही बाई तुमची कोण लागते? मी सांगितलं, मिस्त्री आहे. तो शब्द तिच्यासाठी तोंडातून पहिल्यांदा निघाला, आणि तिने चटकन माझ्याकडे बघितलं.

स्वयंपाकघर आणि मोरीसाठी तिने कोट्याचे उरलेले तुकडे स्वस्तात घेतले. एकूण खर्च आमच्या अंदाजापेक्षा कितीतरी कमी आला आणि प्रकाश खूश झाला. ती खुशी एक दिवस टिकली. दुसऱ्या दिवशी बारकीबाई म्हणाली की वाचलेले पैसे आता जमिनीत घालायचे.

आमची जमीन मुळात भातखाचराची. तिने हातभर खणून दाखवलं तर खालची माती ओली होती, मार्च महिन्यातसुद्धा. वरून फरशी ठोकली तर ओल वर येणार, माती बसणार, फरशी सुटणार. तिला मुरूम हवा होता, तो पाणी मारून कुटायचा होता, त्यावर जाड प्लास्टिक आणि मग काँक्रीट. प्रकाश म्हणाला, कुणाला दिसणार आहे ते? यावर तिने जे उत्तर दिलं ते मी तेव्हापासून किती जणांना सांगितलं आहे याची गणती नाही.

"दिसतं ते एका दिवसाचं, दादा. दिसत नाय त्याच्यावरच ऱ्हायचं असतं."

मुरूम आला. ती आणि तिची जाऊ, दोघींनी तो चार दिवस कुटला. ओळीतले लोक येऊन बघून जायचे. ठेकेदारही एकदा येऊन गेला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला की बाईच्या हातची फरशी दोन पावसाळ्यांत उचलून येईल, तेव्हा मला फोन करू नका. माझा चेहरा पडला. बारकीबाई नळीतलं पाणी दोन्ही भिंतींवर एका पातळीत आणून खुणा मारत होती. त्या खुणांवरून तिची नजर हलली नाही. तो गेल्यावर तिने फक्त दोरी ताणून बांधली.

नऊ दिवसांत घर झालं. शेवटच्या दिवशी तिने प्रत्येक फरशीवर बोटाने टकटक केलं. तीन फरशा पोकळ वाजल्या, त्या तिने न सांगता उखडून पुन्हा बसवल्या.

सासूबाई आल्या त्या धास्तावलेल्याच. दारातच त्यांनी वॉकर घट्ट धरला. बारकीबाई मुद्दाम थांबली होती. तिने मोरीत बादलीभर पाणी ओतलं आणि सासूबाईंना म्हणाली, या. मी घाबरून पुढे झाले, प्रकाशही झाला. सासूबाईंनी एक पाऊल टाकलं, थांबल्या, दुसरं टाकलं. ओल्या मोरीत दोन फेऱ्या मारल्या. मग बाहेर येऊन त्यांनी वॉकर भिंतीला टेकवला आणि देवाच्या कोनाड्यापर्यंतची सहा पावलं भिंतीला हात न लावता चालत गेल्या. ऑपरेशननंतर पहिल्यांदा. प्रकाश मोरीच्या दाराशी उभा राहून रडला. मी त्याला रडताना फारसं पाहिलेलं नाही.

दोन पावसाळे गेले. दुसऱ्या पावसाळ्यात आमच्या ओळीतल्या चार घरांत फरशांचे सांधे काळे पडले, आणि दोन घरांत तर मधल्या फरशा तंबूसारख्या वर आल्या. सगळ्या त्याच ठेकेदाराच्या, सगळ्या चकचकीत. आमच्या घरात लोक चपला काढून यायचे, खाली वाकून बघायचे, टकटक करायचे. सासूबाई त्यांना पाटावर बसवून मुरूम कसा कुटला ते सांगायच्या, जणू स्वतःच कुटला होता. त्या दिवाळीनंतर बारकीबाईने आमच्या ओळीतली सहा घरं घातली.

आणि मग ठेकेदार आला. आमच्याच दारापुढच्या ओट्यावर, तिला भेटायला. पालघरला त्याने एक बिल्डिंग घेतली होती, मिस्त्री मिळत नव्हते. खाली बघत म्हणाला, "बारकीबाई, येशील का?"

तिने विचार करायला वेळ घेतला नाही. मिस्त्रीचा रोज, तोही पुरुष मिस्त्रीइतकाच. हजेरीत नावापुढे मिस्त्री लिहायचं. आणि पाड्यावरच्या दोन बायका शिकायला बरोबर येतील, त्यांना माल उचलायला लावायचं नाही. "हे जमत असंल तर बोल," ती म्हणाली. त्याने ओट्यावरच वही काढली आणि तिच्यासमोर लिहिलं. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून तिने वही माझ्याकडे दिली. मी मोठ्याने वाचून दाखवलं: बारकीबाई, मिस्त्री. तिने आणखी एकदा वाचायला सांगितलं.

आता तिच्या हाताखाली पाच बायका आहेत. बोईसरपासून डहाणूपर्यंत कामं असतात, त्यामुळे कापणीनंतर घर सोडून साइटवर राहायला जायची वेळ तिच्या कुटुंबावर येत नाही. आमच्याकडे येणं कमी झालं. गेल्या वर्षी मात्र ती स्वतः बोलवायला आली. सरकारी घरकुल योजनेतून मिळालेलं तिचं घर पुरं झालं होतं आणि त्याची फरशी तिने घातली होती.

आम्ही पोचलो तेव्हा अख्खा पाडा अंगणात उभा होता. आत कोणी जात नव्हतं. पाय मातीचे, फरशी नवी; प्रत्येक जण दुसऱ्याला पुढे करत होता. बारकीबाईने तिच्या आईला हात धरून आत नेलं. पंचाऐंशीच्या पुढची ती म्हातारी, जन्मभर मातीच्या जमिनीत राहिलेली. ती खाली उकिडवी बसली, तळहात फरशीवर टेकवला, आणि हात आपोआप अर्धगोल फिरू लागला, डावीकडून उजवीकडे, शेण-माती पसरताना फिरतो तसा. थोड्या वेळाने तो थांबला. तिने लेकीकडे बघून विचारलं, "याला सारवायचं कसं?"

"याला सारवायचं नाय, आये," बारकीबाई म्हणाली. "आता नुसतं बसायचं."

म्हातारीने हात उचलून मांडीवर ठेवला. पाय पसरले, पाठ भिंतीला टेकवली, आणि दारातल्या बायकांना हाक मारली, "या गं, बसा." मग सगळा पाडा आत आला.