बागेवरची काच

धक्क्यावर त्या नवराबायकोला रेडिओ आणि खांब म्हणत. खांब म्हणजे नवरा. तो बोटीच्या मागच्या टोकाला सुकाणू धरून बसे आणि दिवसाकाठी मोजून वीस शब्द बोले, त्यातले बारा इंजिनाशी. रेडिओ म्हणजे ती. बोटीच्या पोटात बसवलेल्या काचेपाशी उभी राहून, एका हाताने छताचा बांबू धरून ती एकतीस वर्षं बोलत आली होती.

"बसा, बसा. अंगापिंडाने भरलेल्यांनी सगळ्यांनी एका बाजूला बसू नका, बोट लाजते. दादा, तुम्ही इकडे या. ताई, चपला काढा. खाली काच आहे आणि काचेखाली आमची बाग आहे. कुणाच्या बागेत चपला घालून जाता का?"

लोक हसायचे, चपला काढायचे. बागेपर्यंत पोचायला वीस मिनिटं लागत. तेवढ्या वेळात ती सगळं गाव उरकून टाकायची.

"डावीकडे किल्ला. ज्यांनी बांधला ते गेले, ज्यांनी जिंकला तेही गेले. आता तिकीट फाडणारा एकटा राज्य करतो, आणि तोही दुपारी जेवायला घरी जातो. ते दीपगृह. दोनशे पायऱ्या आहेत, वर गेलं की तेच दिसतं जे इथून बसून दिसतंय, फक्त धाप जास्त लागते. आणि त्या काळ्या पडलेल्या चिमण्या म्हणजे चुन्याच्या भट्ट्या. समुद्रातली पोवळी खणून आणायची, भाजायची, चुना करायचा. किल्ला त्या चुन्याचा, दीपगृह त्याचं, तुम्ही उतरलात त्या हॉटेलची मागची भिंतही त्याचीच. अख्खं गाव समुद्राच्या पाठीवरून सोलून काढलंय आम्ही. फक्त आमची बाग तेवढी वाचली. का, विचारा."

कुणीतरी विचारायचंच. "का?"

"बाग खोल आणि भट्टीवाले आळशी."

हे सगळं तिला सासूबाईंनी शिकवलं होतं. लग्न होऊन ती आली तेव्हा तिने आयुष्यात गुडघ्याच्या वर पाणी पाहिलं नव्हतं. "मला पोहता येत नाही," तिने पहिल्याच आठवड्यात घाबरत सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "बोलता येतं ना? मग बस बोटीत. पोहायला माझा मुलगा आहे." बागेवर बोट थांबली तेव्हा तिने घाबरून दोन्ही पाय वर घेतले होते. तळ इतका जवळ, इतका स्वच्छ, की काच आहे हेच कळेना.

सासूबाईंनी खालच्या एकेका पोवळ्याला नाव दिलं होतं. फुलकोबी. हरणशिंगं. आजोबांचा मेंदू, कारण तो मोठा होता आणि वापरात नव्हता. वाऱ्याविना हलणारा जांभळा पंखा. आणि सवती: दोन पिवळी पोवळी, एकमेकींकडे पाठ करून बसलेली, आणि एक निळा मासा जो सारखा हिच्याकडून तिच्याकडे फिरायचा. सवतींवर हमखास हशा पिकायचा. सासूबाई गेल्या, त्यांची जागा हिने घेतली. मूलबाळ झालं नाही. धक्क्यावरच्या बायका विचारायच्या तेव्हा ती म्हणायची, "पाण्याखाली एवढा बारदाना आहे, त्यांचंच करून होत नाही."

काच मात्र म्हातारी झाली. दर पावसाळ्यात बोट वाळूवर ओढली की खालून ओरखडे पडत, मग खारं पाणी त्या ओरखड्यांत मुरत जाई. गेली दहाबारा वर्षं काचेतून नुसते धुरकट ढग दिसत. एखादा मासा चमकून जाई. लोक वाकून वाकून बघत आणि म्हणत, "नीट दिसत नाहीये हो."

"काचेला मोतीबिंदू झालाय," ती म्हणायची. "ही आमची काच म्हातारी आहे, बाग तरुण आहे. मी सांगते तसं बघा." आणि ती सांगायची, काचेवर बोट ठेवून, वळण न् वळण. लोकांना दिसायला लागायचं. निदान ते तसं म्हणायचे.

मधल्या काळात गिऱ्हाइकांना समुद्रात बुड्या मारायला नेणाऱ्यांचं दुकान निघालं. त्यांची माणसं गिऱ्हाइकांना दूरच्या बेटावर नेत आणि म्हणत, इथे जवळपास काही राहिलं नाही. ते ऐकून ती भडकायची. "मेले गिऱ्हाईक फोडतात. ह्यांच्या बापाने पाहिलीय का बाग?"

नवऱ्याच्या मागे तिचा एकच धोशा होता. अहो, काच बदलू. तो म्हणायचा, सीझन संपू दे. सीझन संपला की म्हणायचा, रबर मिळत नाही तसलं. रबर मिळालं की म्हणायचा, लाकूड ओलं आहे, आता उघडलं तर बसणार नाही. तिला वाटायचं, आळस. एकदा ती चिडून म्हणाली, "आधीच्या जन्मी भट्टीवाले होता तुम्ही." तो इंजिनावरचं तेल पुसत राहिला.

यंदा गावातलं जुनं मत्स्यालय पाडायला काढलं, तिथे गाड्या लावायची जागा होणार होती. तिचा दीर तिथे बावीस वर्षं पहारेकरी होता. तो येऊन म्हणाला, "वहिनी, कासवाच्या टाकीची काच निघालीय. एवढी जाड. ठेकेदार फोडून भरावात टाकणार. हवी का?"

"भावजी, विचारता काय. उचला."

नवरा इंजिनाचा सुटा भाग आणायला तीन दिवस शहरात गेला होता, बोट रंगवायला वर काढलेली होती. एवढा मुहूर्त पुन्हा कधी येणार? दिराने हातगाडीवर काच आणली, काचवाल्याने मापात कापली, सुताराने जुनी चौकट खरवडून नवी बसवली. तिने स्वतः चारी बाजूंनी अंगठा फिरवून रबर दाबलं.

नवरा परतला आणि बोटीशी येऊन थांबला. वाकून त्याने काचेवर तळहात ठेवला. खालची वाळू कणाकणाने दिसत होती.

"बोला की काहीतरी," ती म्हणाली.

"चांगली बसलीय."

"एवढंच?"

"उद्या नको नेऊ. वारा आहे."

"कुठे आहे वारा? पताका मेल्यासारख्या लोंबतायत."

"परवा जाऊ मग."

"दहा वर्षं परवाच करताय तुम्ही. उद्या सकाळी नऊची फेरी. तिकीटवाल्याला सांगून आलेय मी, नवी काच म्हणून फळ्यावर लिहायला."

तो घरात गेला आणि पाय धुऊ लागला.

सकाळी चौदा जण आले. इतके लोक दोन वर्षांत एका फेरीला आले नव्हते. तिने किल्ला सांगितला, दीपगृह सांगितलं, भट्टीवाल्यांचा आळस सांगितला. आवाज असा लागला होता की मागच्या बाकावरचा एक म्हातारा मधेच टाळ्या वाजवायला लागला. बागेवर येताच नवऱ्याने इंजिन बंद केलं.

"आता डोळे मिटा," ती म्हणाली. "मी सांगितलं की उघडा. पहिल्यांदा मी बघणार. दहा वर्षं वाट पाहिलीय, माझा मान."

सगळ्यांनी डोळे मिटले. ती वाकली.

खाली राडारोडा होता. घर पाडून झाल्यावर ट्रकने ओतून जावा तसा, करडा आणि तपकिरी, शेवाळाने बुळबुळलेला. तुटक्या काटक्यांचे ढीग. मधे एक मोठा गोळा होता, त्याच्या सुरकुत्यांत गाळ बसला होता. तो आजोबांचा मेंदू होता हे तिला जागेवरून कळलं. एक प्लास्टिकची खुर्ची पालथी पडली होती. दोन मासे आले आणि थांबायला काही नव्हतं म्हणून निघून गेले.

"उघडू का?" कुणीतरी विचारलं.

तिच्या तोंडून शब्द येईना. एकतीस वर्षांत असं झालं नव्हतं. लोकांनी आपण होऊनच डोळे उघडले, काचेवर वाकले, थोडा वेळ बघितलं.

"काच मस्त आहे," एक जण म्हणाला.

"बाग कुठेय?" दुसऱ्याने विचारलं.

"पुढे असेल," त्याच्या बायकोने सांगितलं.

नवऱ्याने इंजिन सुरू केलं आणि बोट वळवली.

धक्क्यावर लोक उतरले. ती काचेपाशीच बसून राहिली. तो दोर बांधून आला आणि समोरच्या बाकावर टेकला.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"नांगर अडकला की सोडवायला खाली कोण जातं?"

"कधीपासून?"

"ज्या वर्षी पाणी तापलं होतं. नऊ वर्षं झाली. आधी सगळं पांढरं पडलं. मला वाटलं, मोहोर आलाय. तुला येऊन सांगणार होतो."

"मग?"

"दुसऱ्या महिन्यात शेवाळ धरलं."

ती काचेकडे बघत होती. खाली आता धक्क्याचं हिरवं पाणी होतं. मग तिने एकेकाची चौकशी सुरू केली, दूरच्या नातेवाइकांची करावी तशी.

"फुलकोबी?"

"ती आधी गेली."

"पंखा?"

"त्याच पावसाळ्यात. उखडून वाहून गेला."

"मेंदू दिसला मला."

"तो आहे. म्हणजे दगड आहे."

"हरणशिंगं?"

"ती आपल्याच नांगराने मोडली. मेलेलीच होती, पण मोडली आपण."

"आणि मी वर उभी राहून सांगत होते, शिंगं बघा, शिंगं बघा."

"हो."

"हसू यायचं का तुम्हाला?"

"नाही."

"मग सांगायचं होतं."

"तू बोलायला लागलीस की मलासुद्धा दिसायचं," तो म्हणाला. दिवसाचे वीस शब्द त्याने कधीच ओलांडले होते. "तुझं तेवढं तरी राहू दे म्हटलं."

"सवती?" तिने विचारलं.

"त्यांच्याच दगडावर ती खुर्ची पडलीय."

दुपारच्या फेरीला नऊ जण होते. ती उभी राहिली, किल्ल्याचं नीट झालं. बागेवर आल्यावर ती म्हणाली, "इथे आमची बाग होती." आपल्याच कानांवर तो शब्द पडला तशी ती दचकली, पण मागे घेता येईना. मग सगळंच 'होतं'मध्ये गेलं. फुलकोबी होती, पंखा होता, एक निळा मासा होता. सवतींवर कुणी हसलं नाही. एका मुलीने आईला हळूच विचारलं की आपण परत कधी जायचं.

दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. संध्याकाळी तिकीटवाला बोटीपाशी आला. तो तिच्या डोळ्यांसमोर लहानाचा मोठा झालेला, उगाच वाईट बोलणारा नव्हे.

"मावशी, लोक खाली उतरून माझ्याकडे पैसे परत मागतात."

"खोटं काय सांगितलं मी?"

"काहीच नाही. तेच तर. लोक सुट्टीवर आलेत, सांत्वनाला नाही."

"बाग मेलीय रे."

"मेली असेल. 'आहे' म्हणायला काय जातं तुमचं? एवढी वर्षं म्हणतच होतात."

"तेव्हा मला वाटत होतं."

तिकीटवाल्याने नवऱ्याकडे पाहिलं, तो दोराची गाठ बघत होता. "रबरी बोटींवर बसवून लोकांना लाटांवर आपटवत नेतात ना, ते तुमची धक्क्यावरची जागा मागतायत," तिकीटवाला म्हणाला. "आठवडाभर मी थोपवतो. त्यापुढे माझ्या हातात नाही. मावशी, दुसरं काय करणार आहात तुम्ही दोघं?"

तो गेल्यावर तिने ते शब्द मनातल्या मनात फिरवून पाहिले. दुसरं काय. तिला बोलता येत होतं, आणि तेही एवढंच.

"ती मासळी सुकवायच्या शेडमध्ये बायका घेतात म्हणे," ती म्हणाली.

"साठीच्या पुढच्या नाही घेत," नवरा म्हणाला.

"तुम्ही विचारून आलात?"

"मागच्या वर्षीच."



सकाळी सहा जण आले. तिने चपला काढायला लावल्या. भट्टीवाल्यांवर लोक हसले. बागेवर नवऱ्याने इंजिन बंद केलं आणि बोट पाण्यावर डुलत राहिली. काच लख्ख होती, खालचा ढीग न् ढीग दिसत होता, खुर्चीचा एक पाय कुठेतरी गेला होता. नवरा मागून तिच्या पाठीकडे बघत होता.

तिने काचेवरून नजर उचलली आणि लोकांच्या चेहऱ्यांवर ठेवली.

"ह्या बघा सवती," ती म्हणाली. "एकमेकींकडे पाठ करून बसल्यात. आणि हा एक निळा मासा आहे, दोघींकडे जातो."

लोक वाकले. "कुठे?" एका बाईने विचारलं.

"इथे, तुमच्या अंगठ्याच्या खाली."

बाईने अंगठा बाजूला घेतला, चष्मा सावरला, नाक काचेला लागेल इतकी वाकली. बराच वेळ ती करड्या ढिगाकडे बघत राहिली. तिचा नवरा विचारत होता, दिसतंय का काही, दिसतंय का.

"हो की," बाई म्हणाली. "त्या काय. दोघी."

"दिसल्या ना?" ती म्हणाली. "चला, मग पुढे फुलकोबी आहे."