रात्रपाळीचा फोटो

पासपोर्ट फोटोच्या दुकानात जन्म काढला की माणसाचा आवाज जरा हुकमी होतोच. "हनुवटी वर, डोळे उघडे, हसू नका" हे तीन हुकूम स्टुडिओवाल्या बाई सव्वीस वर्षं सोडत आल्या होत्या, आणि शेजाऱ्यांचं म्हणणं असं, की घरीही त्या वेगळं काही बोलत नाहीत. दुकान एवढंसं. मागे पांढरा पडदा, एक स्टूल, दोन दिवे आणि सदानकदा कुरकुरणारा प्रिंटर. अर्ध्या गावाचे चेहरे बाईंच्या कॉम्प्युटरमध्ये जमा होते.

एकच फोटो नव्हता. नवऱ्याचा, कामावरचा.

नवरा काचेच्या कारखान्यात भट्टीवर मुकादम. एकतीस वर्षं रात्रपाळी. कारखान्यात दरवर्षी सगळ्यांचा एकत्र फोटो निघायचा, तो सकाळी दहाला, अंगणात. दिवसपाळीवाले भांग पाडून हजर, आणि रात्रपाळीवाले घरी डोक्यावरून पांघरूण घेऊन घोरत पडलेले. बाई एकदा कसल्याशा कागदावर सही आणायला ऑफिसात गेल्या, तेव्हा भिंतीवरचे ते सगळे फोटो त्यांनी एकेक करून नजरेखालून घातले. साहेब होते, शिपाई होते, फाटकापाशी झोपणारं कुत्रंसुद्धा तीन वर्षं ओळीने होतं. मुकादम कुठेच नव्हते. बाई घरी आल्या त्या तणतणतच.

"त्या कुत्र्याचं काय काम हो तिथे?"

"त्याची दिवसपाळी असते," मुकादम शांतपणे म्हणाले आणि चहा ओतून घेतला.

रात्री कोणी मोबाइलवर फोटो काढायचं, पण त्यात भट्टी म्हणजे पांढरा गोळा आणि माणसं म्हणजे काळ्या आकृत्या. "यातले तुम्ही कोणते?" बाईंनी विचारलं, तर मुकादम चष्मा वरखाली करत म्हणाले, "डावीकडून तिसरा. नाही, चौथा. थांब, तो खांब आहे."

त्या दिवसापासून बाईंनी मनावर घेतलं. लेकीचा जुना लॅपटॉप होता, त्यावर रात्री व्हिडिओ बघून त्या एचडीआर, म्हणजे उजेड आणि अंधार एकाच फोटोत पकडायची युक्ती, शिकायला लागल्या. पन्नाशी उलटलेली, त्यात शिकवणारे सगळे सुसाट बोलणारे. पण बाई हटल्या नाहीत. नवऱ्याला त्यांनी समजावलं ते असं: "भट्टीत बघून एकदम अंधारात आलात की तुम्हाला काही दिसतं का? नाही ना? कॅमेऱ्याचं तसंच. तो एका वेळी एकतर उजेड नीट बघतो, नाहीतर अंधार. म्हणून एकाच जागेवरून त्याला पाचदा बघायला लावायचं. पहिल्यांदा डोळा मिचकावल्यासारखं, शेवटी चांगलं एक सेकंदभर. मग प्रत्येकातलं जे चांगलं आलंय ते घ्यायचं आणि एकावर एक बसवायचं."

"आणि मधे कोणी हललं तर?"

"तर त्याला दोन डोकी येतात. म्हणून हलायचं नाही."

सुरुवातीला त्यांनी समोरच्या औषधांच्या दुकानावर हात साफ केला. पाटी झगझगीत, खालचा फुटपाथ काळोखात. पहिला फोटो असा भडक झाला की मुकादमांनी विचारलं, "ही आपली गल्ली आहे का सर्कस?" बाईंनी तो पुसला. दोन वर्षं पुसत राहिल्या. मग हळूहळू फुटपाथवरच्या भेगा दिसायला लागल्या, पाटीवरचं अक्षर न अक्षर दिसायला लागलं, आणि रात्र रात्रीसारखीच राहायला लागली. औषधवाल्याने तो फोटो मागून घेतला आणि काउंटरमागे लावला. बाईंनी आपण केवढं शिकलो ते कोणाला सांगितलं नाही, पण त्या आठवड्यात गिऱ्हाइकांना दोनदा हसायची परवानगी दिली.

आणि मग बातमी आली. अकरा वर्षं रात्रंदिवस पेटलेली ती भट्टी पुन्हा बांधायची म्हणून आठवड्याभरात थंड करणार. कामाला चार-पाच महिने लागणार, आणि मुकादम तर महिनाअखेरीला निवृत्त. म्हणजे भट्टीपुढे त्यांच्या मोजून सहा रात्री उरल्या होत्या. बाईंनी दुकानाला कुलूप घातलं आणि तडक मॅनेजरसाहेबांना गाठलं.

"आमचा फोटोग्राफर येतो ना दरवर्षी," साहेब म्हणाले.

"तो सकाळी येतो," बाई म्हणाल्या. "मी रात्री येणार."

शेवटच्या रात्रपाळीत अर्धा तास मिळाला. बाई स्टँड, कॅमेरा आणि लांब वायरचं बटण घेऊन पोचल्या, तर अकराच्या अकरा जण इस्त्रीचे शर्ट घालून उभे. बाईंनी सगळ्यांना परत पाठवलं आणि कामाच्या कपड्यांत आणलं. भट्टीचं तोंड नेहमीपेक्षा जास्त उघडून ठेवलं होतं, उजेड हवा म्हणून. माणसं भट्टीकडे पाठ करून अर्धगोलात उभी राहिली. मुकादम अगदी कडेला, भट्टीच्या तोंडाशी.

"श्वास रोखून धरायचा," बाईंनी बजावलं. "मी सांगेपर्यंत सोडायचा नाही."

सगळ्यांत जुने कारागीर नाना, चाळीस वर्षं नळीने काच फुगवणारे, त्यांना हसूच आलं. "वहिनी, श्वास धरायचं आम्हाला शिकवताय?"

चार खेपा झाल्या, प्रत्येकीत पाच फोटो. मागे उभ्या वॉचमनने तेवढ्यात शिंकून घेतलं, पण तो फोटोत नव्हता. कॅमेऱ्याच्या बोटभर पडद्यावर सगळं छान दिसत होतं. बाई खुशीत घरी आल्या.

सकाळी त्यांनी लॅपटॉपवर फोटो मोठे केले. दहा जण फक्कड आले होते. एका खेपेत कोणाचा डोळा मिटला असेल, तर दुसऱ्या खेपेत उघडा होता. जोडून घ्यायला भरपूर माल होता. पण अंधारातले चेहरे दिसतात ते शेवटच्या, सेकंदभराच्या फोटोत, आणि चारही खेपांना त्या फोटोत मुकादमांनी तोंड भट्टीकडे वळवलं होतं. ज्या एका चेहऱ्यासाठी दोन वर्षं डोळे फोडले, तेवढाच आला नव्हता. आणि भट्टी तर तिकडे विझायला लागलेली.

मुकादम दारातून आत येतात न येतात तोच बाई कडाडल्या. "एक सेकंद! एक सेकंद सरळ बघवलं नाही तुम्हाला?"

"मी हललोच नाही."

बाईंनी लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला. मुकादमांनी चारही फोटो बघितले. आपण असं केलं हे त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. त्यांनी मान खाजवली.

"अगं, सगळ्यांच्या पाठी भट्टीकडे होत्या," ते म्हणाले. "तोंड एवढं उघडं. कोणीतरी बघायला नको का?"

बाईंनी त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि पुन्हा लॅपटॉपपाशी बसल्या. मधल्या फोटोंत मान वळायला लागलेली. पहिल्या, मिचकावल्यासारख्या फोटोत चेहरा समोर होता, पण काळाकुट्ट. तो उजळायला गेलं की वाळू उडाल्यासारखा दाणेदार व्हायचा. दोन दिवस त्यांनी त्यावर जिवाचा आटापिटा केला. मग तिसऱ्या दिवशी दुकानातला मुकादमांचाच पासपोर्ट फोटो घेतला आणि तो चेहरा धडावर बसवला. हात असा सफाईदार, की जोड शोधून सापडली नसती. संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला बोलावलं.

मुकादमांनी बघितलं. "हा कोण?"

"तुम्ही!"

"हा लायसन काढायला आलाय," मुकादम म्हणाले. "भट्टीवरचा माणूस नाही हा."

बाईंनी दात-ओठ खाल्ले आणि तो चेहरा पुसला. खालचा मूळ फोटो पडद्यावर आला, सेकंदभराचा. पुसताना काही राहिलं तर नाही ना, म्हणून त्यांनी तो खूप मोठा केला, आणि हात माउसवर तसाच थांबला.

एका सेकंदात माणूस थोडा तरी हलतोच. हा फोटो बाकी दहा जणांच्या कडा केसभर पुसट करून गेला होता, श्वास धरणाऱ्या नानांच्यासुद्धा. मुकादम मात्र लख्ख होते. कॉलरचा धागा न धागा, मानेवरचा घाम, कानामागची राख. उजवा हात मागे, माणसांकडे, पंजा उघडा, मागे सरकू नका म्हणून. त्या हाताची पाची बोटं कोरून काढल्यासारखी. बाईंनी बाकीच्या तीन खेपा मोठ्या केल्या. चारही वेळा तोच हात, तिथेच. हलल्याबद्दल ज्याला त्या बोलल्या होत्या, त्याच्याइतकं स्थिर त्या अकरा जणांत कोणी उभंच नव्हतं.

बाईंनी पदराने चष्मा पुसला. मग पाच-पाच फोटो एकावर एक बसवायला घेतले, दहा चेहरे आणि एक पाठ.

मॅनेजरसाहेबांना ते पटेना. "मुकादमच पाठमोरे? त्यांचा दुसरा फोटो जोडता येईल की."

"येतो. जोडून बघितलाय," बाई म्हणाल्या. "लावायचा तर हाच लावा, नाहीतर भिंत मोकळी ठेवा."

साहेबांनी बाईंच्या तोंडाकडे बघितलं आणि शिपायाला खिळा ठोकायला सांगितलं.

निवृत्तीच्या दिवशी सगळी रात्रपाळी भरदिवसा ऑफिसात जमली. आधी जो तो स्वतःलाच शोधत होता. भट्टीतल्या विटांचे सांधे दिसत होते, आणि त्याच फोटोत काळोखातल्या नानांच्या मिशीतला पांढरा केसही दिसत होता. हसणं-खिदळणं झालं, चिडवाचिडवी झाली. मग नानांनी कडेला, मुकादमांच्या मागे पसरलेल्या पंजावर बोट ठेवलं.

"वहिनी," नाना म्हणाले, "आम्ही दहा जण कसे निवांत उभे आहोत बघा. रोज असेच उभे असायचो. का ते आज दिसलं."

मुकादम हात मागे बांधून उभे होते. नजर कुठे ठेवावी ते त्यांना सुचत नव्हतं, म्हणून ते फोटोला नाक लावून खोड काढायला लागले.

"कान जरा मोठा आलाय."

"आहेच तो मोठा," बाई म्हणाल्या. आवाज नेहमीचाच हुकमी लावायचा होता, तो काही लागला नाही. त्यांनी सरळ नवऱ्याचा हात धरला, सगळ्यांदेखत, आणि तिथेच धरून ठेवला.