झेंडूचा हार आणि फोटोमास्तर

स्वतःच्या फोटोखाली दिवसभर हात मागे बांधून उभा राहिलेला पहिला माणूस मी पाहिला तो म्हणजे आमच्या डोणगावचे फोटोमास्तर.

नोकरी चित्रकलेच्या शिक्षकाची, जीव कॅमेऱ्यात. निवृत्त झाल्यावर त्यांनी सरकीचं बंद पडलेलं गोदाम मालकाकडून मागून घेतलं, भिंतींना चुना दिला आणि दारावर पाटी लावली, ‘फोटोघर. सर्वांना मोफत.’ दमट हवेत तिथं अजून सरकीचा वास सुटतो. मास्तर अभिमानानं विचारत, “पुण्याच्या गॅलरीत भेटते का हा वास?”

हौस एकच. गावातली जिती माणसं भिंतीवर लावायची. गाव नेमकं तिथंच अडलं. आमच्याकडे माणूस भिंतीवर जातो तो गेल्यावरच. हौसेनं फोटो काढून घेणारे लोक खिळा दिसला की पळत. भिंती कोऱ्याच राहिल्या. मालक म्हणू लागला, कोणी येत नसेल तर गोदाम परत करा.

मग मास्तरांनी पहिला फोटो स्वतःचाच टांगला आणि त्याखाली उभे राहिले. समोरच्या शांताआजी सवयीनं झेंडूचा हार घेऊन आल्या. त्या फोटोसाठी टाचा उंचावतात तोच मास्तरांनी मान पुढे केली. “माह्या गळ्यात घाला. भिंतीवर जायले मरा लागत नाही.”

हार घातलेले मास्तर पाहायला अख्खं गाव लोटलं. मालकानं गोदाम परत मागणं सोडलं. तेव्हापासून नियमच पडला: ज्याचा फोटो लागेल त्यानं त्या दिवशी खाली उभं राहून आपण जिते असल्याची साक्ष द्यायची. सरपंच उभे राहिले. शांताआजी तर घरून खुर्ची घेऊन आल्या.

मी मात्र वर्षानुवर्षं टाळलं. कधी दाढी वाढलेली, कधी शर्टाला इस्त्री नाही. खरं कारण भीती, आणि मास्तरांना ते ठाऊक होतं. माझा फोटो चौकटीत घालून त्यांनी दारामागे ठेवला होता. “काऊन भेऊन राह्यला बे? तुह्या नावाचा खिळा माह्या बाजूले ठोकून ठेवला. तू फक्त ये.”

गेल्या उन्हाळ्यात मास्तर गेले. तेरावं झाल्यावर मी फोटोघर उघडलं, दारामागची चौकट पुसली, त्या खिळ्याला अडकवली आणि नियमाप्रमाणे खाली उभा राहिलो. शेजारी मास्तरांच्या फोटोखालची जागा रिकामी.

शांताआजी हार घेऊन आल्या. मास्तरांच्या फोटोकडे पाहिलं. रिकाम्या जागेकडे पाहिलं.

“तवा नाही घालू देला, आता देईन का थो?” त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. “वाक बे.”

संध्याकाळपर्यंत मी जागचा हललो नाही.